घोडी, खुंटा आणि सरस

गिटारची घोडी उखडते तेव्हा कधी कधी फटाका फुटावा तसा आवाज होतो, असं दुरुस्ती करणारे सांगतात. मी तो ऐकला नाही. पावसाळा संपल्यावर पेटी उघडली तेव्हा सगळं घडून गेलेलं होतं. तारा सैल होऊन लोंबत होत्या. ज्या शिसवी पट्टीत त्यांची टोकं अडकवलेली असतात, ती मागच्या कडेनं वर उचलली गेली होती आणि मधोमध चिरली होती. तिच्याबरोबर तबलीचं पांढुरकं लाकूडही सळ्यासळ्यांनी वर आलं होतं, नख उलटल्यावर खालचं मांस दिसावं तसं.

गिटार माझ्या मामाची. मामा खरगपूरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये नोकरीला होता. १९७४ साली पगारातून पैसे बाजूला टाकून त्यानं ती कोलकात्यात घेतली. छातीशी धरून बोटांनी तारा दाबत तो ती वाजवत नसे. मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी फिरवत वाजवायचा. बंगालमध्ये या प्रकाराला 'हवाईयन' म्हणत. १९८६च्या सुमारास तिची घोडी पहिल्यांदा सुटली, तेव्हा मामानं ती स्वतः बसवली. दोन नळ्यांतलं मिश्रण कालवून होणाऱ्या इपॉक्सीनं चिकटवली आणि पुन्हा म्हणून सुटू नये यासाठी आरपार दोन बोल्ट घातले, आतून वॉशर लावून नट आवळले. रेल्वेच्या माणसाचं काम ते. जवळजवळ चाळीस वर्षं टिकलं.

मामा निवृत्त होऊन नागपूरला परतला आणि पुढे गिटार माझ्याकडे, कोलकात्याला, आली. घोडी उखडल्यावर मी ती इथल्याच एका वयस्क कारागिरांकडे नेली. त्यांनी मधल्या भोकातून छोटा आरसा आणि दिवा आत घातला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "दीदी, हे बोल्ट नसते तर नुसती घोडी निघाली असती."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. मजबुतीसाठी घातलेल्या वस्तूनंच नुकसान कसं केलं? ते समजून घेण्यासाठी मला गिटारच्या या हातभर वाद्यातल्या वीतभर तुकड्याचा दोनशे वर्षांचा इतिहास वाचावा लागला. आणि माझा धंदा भाषांतराचा असल्यामुळे सुरुवात अर्थातच शब्दापासून झाली.

इंग्रजी 'ब्रिज'चा साधा मराठी प्रतिशब्द पूल. पण तंबोऱ्याच्या किंवा सतारीच्या बाबतीत तो कुणी वापरत नाही. तारा जिच्यावरून जातात ती घोडी. आपण एकटेच असं म्हणतो असंही नाही. तमिळमध्ये वीणेच्या या भागाला 'कुदिरै' म्हणतात, म्हणजे घोडाच. फ्रेंचांचा 'शव्हाले' आणि पोर्तुगीजांचा 'काव्हालेते' हे दोन्ही शब्द घोड्यावरूनच आलेले. झेक भाषेत 'कोबिल्का', म्हणजे लहानशी घोडी. फारसीत 'खरक', म्हणजे छोटं गाढव. दुसऱ्या बाजूला स्पॅनिश 'पुएन्ते' आणि इटालियन 'पोंतिचेल्लो' हे पुलाचे शब्द, तर जर्मन 'श्टेग' म्हणजे ओढ्यावरचा साकव. तुर्कांनी दोन्ही वाटा सोडल्या आणि त्याला 'एशिक', उंबरठा, म्हटलं. एका गटाला त्या तुकड्यावरचं ओझं दिसलं, दुसऱ्याला त्याच्यावरून होणारी ये-जा दिसली. तरुणपणी मी एका कथेच्या अनुवादात गिटारचा 'पूल' तुटल्याचं लिहिलं होतं. संपादकांनी ते 'घोडी' असं दुरुस्त केलं आणि मला बरीच वर्षं वाटत राहिलं, की हा शब्द अचूक आहे.

सतारीसाठी, तंबोऱ्यासाठी तो अचूक आहेच. तिथे तार घोडीवरून पुढे जाते आणि वाद्याच्या अगदी तळाशी, लंगोटाला, बांधली जाते. ताण लंगोट सोसतो. घोडीच्या पाठीवर फक्त खाली दाबणारं ओझं पडतं. व्हायोलिनचंही तसंच. तिथे तर घोडी चिकटवलेलीही नसते, तारांच्या दाबानंच ती उभी राहते. आपल्या गिटारचं मात्र वेगळं आहे. सपाट तबलीच्या गिटारमध्ये तार घोडीपाशीच संपते. तिथेच तिला बांधलेलं किंवा पिनेनं अडकवलेलं असतं. म्हणजे ही घोडी ओझं वाहत नाही, तिला सहा बाजूंनी नव्हे पण सहा तारांनी एकाच दिशेला, मानेकडे, ओढलेलं असतं. गोठ्यातली वस्तू शोधायची तर हा खुंटा आहे. जनावर दाव्याला हिसके देतं तेव्हा खुंटा आणि जमीन यांच्यात जो झगडा होतो, तो इथे रात्रंदिवस चालू असतो.

त्या झगड्याचे आकडे पाहण्यासारखे आहेत. पोलादी तारांच्या साध्या, हलक्या संचाचा सुरात लावल्यावरचा एकूण ताण सत्तर किलोच्या पुढे जातो. नायलॉनच्या तारांचा साधारण चाळीस किलो. हा ताण तबलीपासून १२-१३ मिलिमीटर उंचीवर लागू होतो, त्यामुळे तो घोडीला नुसता ओढत नाही, पुढे कलंडवूही पाहतो. तिची मागची कड वर उठू पाहते, पुढची तबलीत रुतू पाहते. याच्या विरोधात काय असतं? सुमारे १५० मिलिमीटर लांब आणि ३८ मिलिमीटर रुंद इतक्या जागेवरचा गोंदाचा पापुद्रा, आणि त्याखाली जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची स्प्रूसच्या लाकडाची तबली. ती जाड केली तर टिकेल, पण मग कंप पावणार नाही. गिटार घडवणं म्हणजे मोडण्याच्या किती जवळ जायचं, हे ठरवणं.

जुन्या कारागिरांना हा प्रश्न इतका छळत नसे, कारण तारा आतड्याच्या असत. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या गिटारांमध्ये तार घोडीतल्या भोकातून ओवून तिलाच गाठ मारत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सहा एकेरी तारांची गिटार रुळली आणि मध्य युरोपातले कारागीर तारांची टोकं घोडीतून आत घालून वरून पिना ठोकू लागले. स्पेनमध्ये अन्तोनियो दे तोरेस (१८१७-१८९२) यांनी तारा बांधायचा भाग आणि तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची पट्टी यांची जी मांडणी रूढ केली, ती आजच्या शास्त्रीय गिटारवर जवळपास तशीच आहे. सॅक्सनीतून १८३३ साली अमेरिकेला गेलेल्या ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन यांनी पिनांची पद्धत सोबत नेली. त्यांच्या कारखान्यात १८४०च्या दशकात तबलीच्या आत फुलीच्या आकारात आधारपट्ट्या बसवायला सुरुवात झाली. त्या वेळी ही फुली आतड्याच्या तारांसाठीच होती. पुढे पोलादाचा ताण तीच सोसणार आहे, हे तेव्हा कुणाच्या मनातही नसेल.

या सगळ्यांच्या घोड्या एकाच पदार्थानं चिकटवलेल्या असत: सरस. जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेला गोंद. मराठीत फारसीकडून आलेला हा शब्द आणि 'अधिक चांगला' या अर्थाचा संस्कृत 'सरस' हे शेजारी शेजारी बसतात, याची गंमत मला नेहमी वाटते. इथे तर दोन्ही अर्थ लागू पडतात. सरस साठ-बासष्ट अंश सेल्सिअसला, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून, ऊन करून लावायचा. थंड होताना तो आक्रसतो आणि दोन लाकडांना एकमेकांकडे ओढून घेतो. सुकल्यावर काचेसारखा कडक होतो, सततच्या ताणाखाली हळूहळू सरकत नाही. पण उष्णता आणि ओलावा एकत्र दिला की पुन्हा मऊ होतो. पातळ सुरी ओली करून हळूहळू सरकवत नेली की सांधा उघडतो, लाकूड न फाटता. शिवाय नवा सरस जुन्यावर धरतो.

म्हणजे हा सांधा पक्का होता, पण कायमचा नव्हता. गाडी उन्हात राहिली, जड तारा चढवल्या, पडली-झडली, तर सगळ्यात आधी घोडी सुटे आणि तबली वाचे. सुटलेली घोडी पुसून पुन्हा चिकटवणं हे काम सुताराच्या एका दिवसाचं. वाद्यात कुठला सांधा आधी हार मानणार, हे कारागिरानं आधीच ठरवून ठेवलेलं असे. आपल्याकडे मिरजेच्या तंबोऱ्याची घोडीही अशीच गृहीत धरून चालते, की तिच्यावर पुन्हा पुन्हा हात फिरणार आहे. तारांनी तिची पाठ झिजते, जवारी बिघडते, कारागीर कानस घेऊन बसतो आणि जवारी पुन्हा काढतो. त्याला कुणी वाद्य मोडलं असं म्हणत नाही.

हे गणित पोलादानं बिघडवलं, आणि पोलाद लोकप्रिय झालं ते हवाई बेटांमुळे. तिथल्या वादकांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, तारा उंच केल्या आणि वरून धातूची कांडी फिरवली. असं वाजवायला पोलादी तार लागते, आतड्याची तार तितका वेळ गुंजत नाही. १८९८ साली अमेरिकेनं हवाई ताब्यात घेतलं आणि १९१५च्या सान फ्रान्सिस्कोतल्या मोठ्या प्रदर्शनानंतर हवाईयन संगीताची लाट अमेरिकाभर पसरली. गिराईक पोलादी तारांची गिटार मागू लागलं. मार्टिनच्या कारखान्यानं १९२२ साली एक स्वस्त मॉडेल पहिल्यांदा पोलादी तारांसाठी म्हणूनच बाजारात आणलं आणि दशक संपेपर्यंत त्यांच्या बहुतेक गिटारी पोलादाच्या झाल्या. १९३०च्या सुमारास त्यांनी घोडीचा आकारही बदलला. सरळ, अरुंद पट्टीच्या मागच्या बाजूला मधोमध पोट सुटल्यासारखा फुगवटा आला. तो दिसण्यासाठी नव्हता. मागची कड आधी उठते म्हणून तिथे गोंदाला जास्त जागा दिली होती. आज 'गिटारची घोडी' म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तो आकार म्हणजे एका भीतीचं चित्र आहे.

त्यानंतरचा इतिहास मला या भीतीचाच इतिहास वाटतो. घोडी सुटणं ही सांध्याची सोय होती, ती आता तक्रार झाली. कारखान्यानं हमी दिलेली असे, सुटलेली घोडी परत येई आणि खर्च वाढे. मग उपाय सुरू झाले. घोडीला आरपार बोल्ट घालायचे आणि त्यांची डोकी शिंपल्याच्या दोन ठिपक्यांखाली लपवायची, ही पद्धत पसरली. गिब्सननं १९६०च्या दशकात काही मॉडेलांवर चक्क पोकळ प्लास्टिकची घोडी आतून स्क्रूनं बसवली, काहींवर तारांची उंची कमी-जास्त करायला दोन मोठे स्क्रू दिले. प्लास्टिक उन्हानं वाकलं, लोकांनी ते काढून लाकूड बसवलं. मार्टिननं १९६०च्या दशकाच्या अखेरीस तबलीच्या आत, घोडीच्या बरोबर खाली असणारी मेपलची छोटी फळी काढून शिसवीची मोठी फळी घातली. घोडी टिकली, पण तबली जड झाली आणि आवाज दबला, असं वादक म्हणू लागले. वीसएक वर्षांनी कारखाना पुन्हा छोट्या मेपलकडे वळला. गोंदही बदलले. आपल्याकडे १९५९ साली मुंबईतून फेव्हिकॉल बाजारात आला आणि सुताराच्या दुकानातलं सरसाचं वास मारणारं भांडं हळूहळू नाहीसं झालं. त्या सोयीबद्दल कुठल्याही सुताराला वाईट वाटलं नसणार, आणि ते बरोबरच आहे.

पण ताण कुठे जात नाही. सत्तर किलो सत्तर किलोच राहतात. एका सांध्याला तुटायची मुभा नाकारली, की ते पुढच्या कमजोर जागी जाऊन उभे राहतात. घोडीनंतर कमजोर जागा म्हणजे तबली.

हवाईची लाट आपल्याकडेही पोहोचली, आणि तिचं मोठं ठाणं होतं कोलकाता. हवाईचे वादक टाऊ मो यांचं कुटुंब १९४०च्या दशकात काही वर्षं या शहरात राहिलं, वाजवत आणि शिकवत. पुढे बटुक नंदी, सुनील गांगुली यांच्यासारख्या वादकांनी रवींद्रसंगीत आणि सिनेमाची गाणी या गिटारवर घरोघरी पोहोचवली. कांडीनं मींड निघते, गळ्यासारखी ओढ निघते, हे आपल्या कानांना लगेच पटलं. ब्रिजभूषण काबरा यांनी ती थेट रागसंगीतात आणली. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये संतूर आणि बासरीच्या जोडीला त्यांची गिटार आहे. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेचं मूळ अंगही गिटारचंच, पण फुगीर तबलीच्या जातीचं. त्या जातीत तारा घोडीवरून पुढे जाऊन तळाशी बांधलेल्या असतात. रागसंगीताचा, तरफांचा सगळा ताण सोसायची वेळ आली तेव्हा गिटारचा खुंटा पुन्हा घोडी झाला.

मामाच्या गिटारला ते नशीब नव्हतं. ती सपाट तबलीची, हलक्या बांधणीची, बोटांनी वाजवायची गिटार. हवाईयनसाठी तिच्या डोक्याकडे तारा उचलणारी धातूची पट्टी लावली, घोडीवरची हाडाची पट्टी उंच केली आणि जाड तारा चढवल्या. ताण वाढला आणि तो जितक्या उंचीवरून ओढत होता ती उंचीही वाढली. ११-१२ वर्षांत घोडी सुटली. मामाला वाटलं, गोंद कच्चा होता. वर्कशॉपमध्ये सैल झालेल्या गोष्टीला जे करतात ते त्यानं केलं.

कारागिरांच्या वाक्याचा अर्थ मला असा टप्प्याटप्प्यानं लागला. इपॉक्सीनं स्प्रूसचे तंतू इतके घट्ट धरले, की सांधा सुटू शकत नव्हता. बोल्टांनी घोडीला दोन ठिकाणी खिळवून ठेवलं. तार मागची कड उचलत राहिली, बोल्टांची भोकं तबलीला खाली ओढत राहिली, आणि घोडीमागे तबली फुगत, पुढे खचत गेली. शेवटी एका भोकापासून लाकडाच्या रेषेबरोबर हातभर चीर गेली. ज्या दिवशी घोडी उठली त्या दिवशी ती तबलीचा वरचा थर घेऊनच उठली.

आता प्रश्न होता दुरुस्त करायची की बदलायची. मला जुनीच हवी होती. तिच्यावर मामाच्या तळहाताची झीज होती. शिसव चिरली असली तरी सांधता आली असती. शिसव म्हणजे काही साधं लाकूडही नाही. ब्राझीलनं आपल्या शिसवीच्या ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर १९६९ साली मार्टिनसारख्या कारखान्यानंही आपल्या सह्याद्रीत वाढणारी भारतीय शिसव स्वीकारली. १९९२पासून ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर जगभर बंदी आहे. २०१७ साली शिसवीची सगळी जातकुळीच परवान्याच्या नियमांत आली आणि २०१९ साली तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. जुना तुकडा फेकून देण्याचे दिवस राहिले नाहीत, असं मी म्हणाले.

त्यांनी वाद घातला नाही. पट्टी घेतली आणि डोक्याकडच्या पट्टीपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजलं, मग तिथून घोडीवरच्या हाडापर्यंतचं. तार जिथे टेकते ती जागा बाराव्या फ्रेटच्या दुपटीवर हवी, आणि त्याहून दोन-तीन मिलिमीटर मागे, कारण तार दाबताना ताणली जाते आणि सूर चढतो. जाड तारेला ही भरपाई जास्त लागते, म्हणून ते हाड तिरकं बसवतात. या गिटारवर भरपाई जवळजवळ नव्हतीच. घोडी कारखान्यातूनच मानेच्या बाजूला तीन मिलिमीटर पुढे बसलेली होती.

मी ते ऐकून गप्प बसले. १९९४च्या उन्हाळ्यात, चौदा वर्षांची असताना, मी खरगपूरला याच गिटारवर बोटांनी वाजवायला शिकत होते. मामानं माझ्यासाठी ती उचलपट्टी काढून दिली होती. मोकळ्या तारा सुरात लागत, आणि वर बोट ठेवलं की सगळं चढं होई. रोज लावायचे, रोज बिघडायचं. शिकवणाऱ्यांनी महिन्याभरानं आईला सांगितलं, मुलीचा कान कच्चा आहे. मी गिटार सोडली आणि गाण्याच्या वाटेलाही पुन्हा गेले नाही. कवितेच्या अनुवादात लय चुकली असं कुणी म्हटलं, की आजही मला तो महिना आठवतो. मामाला मात्र बारा वर्षांत ही चूक कधी ऐकू आली नाही, कारण कांडी फ्रेटला टेकतच नाही. कांडीनं वाजवणारा सूर कानानं शोधतो. घोडी चुकीच्या जागी होती आणि त्याचा कान रोज तीन मिलिमीटर भरून काढत होता.

जुनी घोडी जुन्या जागी सांधली असती तर ही चूकही जपली गेली असती. मी बदलायला सांगितलं.

काम अडीच महिने चाललं. आधी नट सोडून बोल्ट काढले. घोडीवर गरम लोखंड ठेवून, भोवतीच्या पॉलिशला झळ लागू नये म्हणून पत्र्याचा कागद पसरून, त्यांनी पातळ सुरी तंतूंच्या दिशेनं आत घातली. इपॉक्सी सरसासारखं मऊ होत नाही, कण्हत कण्हत सुटतं. तबलीचा फाटलेला थर चौकोनी कापून त्यात जुन्या स्प्रूसचा तुकडा रेषेला रेष जुळवून बसवला. चिरेला आतून आडव्या चकत्या लावल्या. बोल्टांच्या भोकांत लाकडाच्या खुंट्या भरल्या. आतली फळी तारांच्या गोळ्यांनी कुरतडली होती, तिला मेपलचं ठिगळ लावलं. नवी घोडी शिसवीची, मूळ घोडीपेक्षा किंचित रुंद, म्हणजे जुन्या जखमेची कड तिच्याखाली झाकली जाईल. तबली आता कायमची थोडी फुगलेली आहे. ती सपाट करायच्या फंदात न पडता त्यांनी घोडीचाच तळ तिच्या फुगवट्यानुसार तासला. चिकटवण्याआधी खालचं पॉलिश खरवडून उघडं लाकूड काढलं. घाईच्या कामात घोडी पॉलिशवरच चिकटवतात आणि मग ती पॉलिशसकट निघते, असं ते म्हणाले.

चिकटवली सरसानं. कोलकात्याच्या दमट हवेत सरस का, असं मी विचारलं. "पावसाळ्यात पेटीत ठेवा, तारा थोड्या उतरवून ठेवा, हलक्या तारा लावा," ते म्हणाले. "आणि तरी एक दिवस निघेल. तेव्हा घेऊन या. मी नसलो तर दुसरा कुणी लावेल. त्याला सोपं जायला हवं."

अनुवाद करताना मी हेच विसरत आले होते. माझं काम शेवटचं आहे अशा थाटात मी वाक्यं बोल्टनं आवळत असते. माझ्यानंतर कुणी तेच पुस्तक पुन्हा हातात घेईल आणि त्याला माझं काम न फाडता सोडवता यायला हवं, हा विचार मला एका गिटारनं सुचवला, तोही चाळिशी ओलांडल्यावर.

गिटार घरी आली त्या रात्री मी बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून सूर काढला, मग तीच तार तिथेच दाबून. दोन्ही सूर एकच होते. पुन्हा केलं. पुन्हा एकच.

मग नागपूरला मामाला फोन लावला. त्याला आता अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली, बोटं वळत नाहीत. त्यानं पहिलं विचारलं, "काढले का गं बोल्ट?"

"काढले. ठेवलेत. जुनी घोडी पण ठेवलीय."

"मग आता कशानं धरलंय?"

"सरसानं."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मला वाटलं, दुखावला.

"आमच्या पॅटर्न शॉपमध्ये असायचा," तो म्हणाला. "चुलीवर भांडं असायचं दिवसभर. घाण वास यायचा." आणि मग, "वाजवून दाखव बरं."

मी फोन घोडीजवळ धरला आणि मला येत होतं तेवढं वाजवलं.